चीनमध्ये राहायला जाताय? आधी कामांचा क्रम लावून घ्या

हांगचौत राहायला येऊन मला आठ वर्षं होत आली. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडचं कोणी ना कोणी नव्यानं येतं. कधी वैद्यकीय शिक्षणासाठी आलेली मुलं, कधी शाओशिंगजवळच्या ख-छ्याओच्या कापडबाजारात नोकरी लागलेला तरुण, कधी कंपनीनं दोन वर्षांसाठी पाठवलेल्या इंजिनिअरचं कुटुंब. सगळ्यांना धास्ती असते ती भाषेची. प्रत्यक्षात पहिल्या महिन्यात माणूस अडतो तो कामांच्या क्रमावर. पोलीस नोंदणीची पावती नसेल तर निवास परवाना मिळत नाही. स्थानिक मोबाइल नंबर नसेल तर बँक खातं उघडत नाही. खातं नसेल तर पगार अडकतो. आणि या सगळीकडे नाव एकसारखं लिहिलेलं नसेल तर फोनमधून पैसे जात नाहीत. एक कडी निसटली की पुढच्या चारही कामांच्या खेपा वाढतात. म्हणून हा लेख त्या क्रमानंच लिहिते आहे. चिनी शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत दिले आहेत.

निघण्याआधी, घरी बसून

व्हिसावरचं अक्षर आधी बघा. नोकरीसाठी झेड, १८० दिवसांपेक्षा जास्त शिक्षणासाठी एक्स-१, त्याहून कमी मुदतीच्या शिक्षणासाठी एक्स-२, आणि नोकरदाराच्या किंवा विद्यार्थ्याच्या सोबत दीर्घकाळ राहणाऱ्या जोडीदारासाठी व मुलांसाठी एस-१. अलीकडे चीननं अनेक देशांना ३० दिवसांचा विनाव्हिसा प्रवेश आणि २४० तासांचा विनाव्हिसा थांबा दिला, त्या बातम्या आपल्याकडेही फिरतात. त्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊनच यायचं. पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर बोलावून "इथे आल्यावर बदलून देतो" म्हणणारा मालक भेटला तर त्याला नाही म्हणा. परवान्याशिवाय काम केल्यास ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, गंभीर प्रकरणात ५ ते १५ दिवसांची कोठडीही आहे. विद्यार्थ्यांनी शिकवण्या घेणंही यातच येतं. निवास परवान्यावर तशी नोंद करून घेतल्याशिवाय तासाभराचं कामही धरू नका.

नोकरीच्या परवान्यासाठी पदवी प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणीचा दाखला, कुटुंबासाठी विवाह नोंदणी आणि मुलांचे जन्मदाखले लागतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. चीन ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात कागद खरा मानण्याचा करार) आला, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. एखादा एजंट अपॉस्टिलचे पैसे घेऊन मोकळा होतो आणि कागद इथे येऊन परत जातो. आपला मार्ग जुनाच: राज्याकडून पडताळणी, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग चिनी दूतावासाचं प्रमाणन. याला आठवडे लागतात, त्यामुळे ऑफर हातात येताच सुरुवात करा.

आता नावाबद्दल. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं आणि लग्नानंतर बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं. काही पासपोर्टांवर ते असतं, काहींवर नसतं. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, विवाह दाखल्यावर तिसरंच, हे तर घरोघरी आहे. चिनी यंत्रणा पासपोर्टच्या तळाशी छापलेल्या दोन ओळींतलं अक्षर न् अक्षर धरून चालते. तेव्हा नावातला फरक भारतात असतानाच राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्रानं मिटवा आणि त्या कागदाचंही प्रमाणन करून घ्या. माझ्या बाबतीत एका बँकेत माझं नाव आणि वडिलांचं नाव मध्ये जागा न सोडता एकत्र टाकलं गेलं. खातं उघडलं, पण फोनच्या पेमेंट ॲपला ते जोडेना. कारण सापडायला तीन आठवडे गेले. आता कोणत्याही काउंटरवर मी पासपोर्टचं पान उघडून पुढे ठेवते आणि पडद्यावरचं नाव दाखवा म्हणते.

फोनची तयारीही घरूनच करायची. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम ही सगळी चीनमधल्या इंटरनेटवर बंद आहेत. उलट वीचॅट या चिनी निरोपांच्या ॲपवर भारतात २९ जून २०२० पासून बंदी आहे. म्हणजे इथे सगळे वापरतात ते आईबाबांकडे नाही, आणि आईबाबांकडे आहे ते इथे चालत नाही. जीमेलला बांधलेली बँकेची, विमानाची, विद्यापीठाची खाती आउटलुकसारख्या इथे उघडणाऱ्या मेलवर वळवून ठेवा. भारतीय सिम बंद करू नका. रोमिंग चालू करून दुसऱ्या खाचेत ठेवा, कारण भारतीय बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्गे फिरतो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲपही उघडतं. पहिला आठवडा घरच्यांशी बोलायचा हा सर्वांत सरळ मार्ग. आयफोन असेल तर फेसटाइम पुढेही चालतं, मात्र चिनी ॲप भारतीय ॲप स्टोअरमध्ये दिसत नाहीत, तिथला देश बदलावा लागतो. अँड्रॉइडवाल्यांसाठी प्ले स्टोअर इथे उघडत नाही हे ध्यानात धरून भाषांतराचं ॲप चिनी भाषेच्या फाइलसकट आधीच उतरवून घ्या. सरकारी परवानगीशिवायचं व्हीपीएन (बंद साइट उघडून देणारी जोडणी) इथे बेकायदा आहे. परदेशी लोक सर्रास वापरतात, म्हणून कायदा बदलत नाही. कंपनीची अधिकृत जोडणी मिळत असेल तर तिच्यावरच राहा.

सामानात काय नको तेही सांगते. मांस, अंडी, ताजी फळं-भाज्या, लागवडीचं बियाणं आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, यात तूपही आलं. खसखस अजिबात आणू नका. आपल्या गोड्या मसाल्यात ती मूठभर सहज पडते, पण इथे ते अफूच्या झाडाचं बी आहे आणि त्याला अमली पदार्थांचा कायदा लागतो. दळलेले मसाले, हिंग, इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर आणि औषधांच्या चिठ्ठीसकट तीन महिन्यांची नेहमीची औषधं आणा. औषधाचं कंपनीनं दिलेलं नाव इथे कोणाला कळत नाही, चिठ्ठीवर मूळ घटकाचं नाव लिहून घ्या. विजेचा दाब २२० व्होल्ट, जवळपास आपल्याइतकाच, पण आपली जाड तीन पिनांची गोल प्लग इथल्या खाचेत बसत नाही.

पहिले २४ तास: फाइ-छू-स्वो

फाइ-छू-स्वो म्हणजे विभागातली पोलीस चौकी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच तुमची नोंद करतं. पण मित्राच्या घरी, भाड्याच्या घरी, कोणाच्याही खासगी घरी राहिलात तर २४ तासांत चौकीत नोंद व्हायला हवी. पासपोर्ट, भाडेकरार किंवा घरमालकाची कागदपत्रं, आणि शक्य तर घरमालक स्वतः, एवढं घेऊन जायचं. हाती एक कागद मिळतो, त्यावर पत्ता आणि मुदत असते. काही शहरांत हे काम फोनवरूनही होतं. फी नाही. टाळलं तर मात्र २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

मी पहिल्यांदा आले ती शनिवारी संध्याकाळी, मैत्रिणीकडे. रविवारी कुठली चौकी उघडी असणार म्हणून सोमवारी दुपारी गेले. समोरच्या पोलिसानं विमानाच्या तिकिटावरची वेळ आणि घड्याळ शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ताकीद देऊन सोडलं, पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. चौकी रविवारीही उघडी असते.

या कागदाच्या दोन रंगीत प्रती काढा आणि फोटो फोनमध्ये ठेवा. घर बदललं, पासपोर्ट बदलला, व्हिसा किंवा परवाना नवा झाला की पुन्हा नोंद. भारतात जाऊन परत आल्यावर पुन्हा लागते का, हे शहरागणिक वेगळं आहे, पहिल्या भेटीतच विचारून घ्या. आणि पासपोर्ट जवळ बाळगायचा. १६ वर्षांवरच्या परदेशी माणसाला तो कायद्यानं बंधनकारक आहे.

सिम, मग बँक, मग फोनमधले पैसे

चायना मोबाइल, चायना युनिकॉम, चायना टेलिकॉम या तीन कंपन्या. विमानतळावरच्या काउंटरपेक्षा शहरातल्या मोठ्या शाखेत जा, परदेशी पासपोर्टची नोंद करायची सवय तिथल्या कर्मचाऱ्यांना असते. पासपोर्ट आणि चेहऱ्याचा फोटो घेतात आणि ११ आकडी नंबर देतात. हा नंबर म्हणजे तुमची इथली ओळख: बँक, रेल्वे, इस्पितळ, पार्सल, सगळं त्याला बांधलेलं. म्हणून स्वस्त योजनेच्या मोहानं दोन महिन्यांत नंबर बदलू नका.

बँक खात्यासाठी पासपोर्ट, हा नंबर, चौकीचा कागद आणि नोकरीचं किंवा विद्यापीठाचं पत्र न्या. काही शाखा निवास परवाना मिळाल्याशिवाय खातं उघडत नाहीत. कंपनी किंवा विद्यापीठ ज्या शाखेशी व्यवहार करतं तिथेच गेलात तर वाद होत नाही.

खातं होईपर्यंत अडून राहायचं कारण नाही. अलिपे (फोनमधून पैसे देण्याचं ॲप) आणि वीचॅट या दोन्हींना आता व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं परदेशी कार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के कापतात. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू केलेले हवेत आणि ओटीपीसाठी ते दुसरं सिम जागं हवं. रुपे कार्डावर विसंबून येऊ नका. वीचॅटचं खातं उघडताना बहुतेक वेळा जुन्या सदस्याला तुमच्या पडद्यावरचा क्यूआर कोडचा चौकोन स्कॅन करावा लागतो, त्यामुळे स्वागताला येणाऱ्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा. भाजीवाल्या मावशीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे तोच चौकोन चिकटवलेला दिसेल. रोख पैसे घेणं दुकानदाराला बंधनकारक आहे, पण सुट्टे नसतात. फोनची बॅटरी संपली तर घरी पोहोचता यावं म्हणून शंभर-दोनशे युआनच्या लहान नोटा जवळ ठेवा.

पगार घरी पाठवायचा असेल तर बँकेला नोकरीचा करार आणि कर भरल्याचा दाखला लागतो. तो दाखवला की करानंतरची रक्कम डॉलरमध्ये बदलून मिळते. कागदांशिवाय दिवसाला ५०० डॉलरएवढीच रक्कम बदलता येते. वर्षात १८३ दिवस इथे राहिलात की करासाठी तुम्ही इथले रहिवासी ठरता, आणि मागल्या वर्षाचा हिशोब १ मार्च ते ३० जून या काळात कराच्या ॲपवर मिटवायचा असतो.

पहिले ३० दिवस: निवास परवाना

झेड, एक्स-१ किंवा एस-१ व्हिसा हा फक्त आत येण्याचा परवाना. आल्यापासून ३० दिवसांत शहराच्या पोलिसांच्या प्रवेश-निर्गम कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. दीर्घ मुदतीसाठी पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांना आरोग्य तपासणी लागते. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी होते, उपाशीपोटी सकाळी जायचं. भारतातून करून आणलेली तपासणी कधी धरतात, कधी नाही. इथेच केलेली बरी.

अर्ज दिला की पासपोर्ट ठेवून घेतात आणि पावती देतात. काम १५ दिवसांपर्यंत चालतं. तेवढा काळ ती पावती म्हणजेच तुमचा कायदेशीर कागद. देशात फिरता येतं, देशाबाहेर नाही. या पंधरवड्यात भारतातल्या लग्नाचं तिकीट काढू नका.

मुदत संपली आणि राहून गेलं तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड आहे आणि कोठडीचीही तरतूद आहे. दंडापेक्षा वाईट म्हणजे नोंद राहते आणि पुढचा परवाना अडतो. मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण फोनमध्ये आजच लावा. हाँगकाँगबद्दलही एक इशारा: तिथे जाणं म्हणजे चीनच्या मुख्य भूमीबाहेर जाणं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असताना गेलात तर तो तिथेच संपला. शिवाय भारतीयांना हाँगकाँगसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

व्हिसा-परवान्याबद्दल शंका आली की १२३६७ वर फोन करा. हा राष्ट्रीय स्थलांतर प्रशासनाचा नंबर, दिवसरात्र चालू, इंग्रजीतही बोलतात. गटांमध्ये ऐकलेल्या उत्तरांपेक्षा मला हा नंबर नेहमी खरा ठरलेला आहे.

घर

दलालाकडे शिरलात की पहिला शब्द ऐकू येईल: या-यी-फू-सान. एका महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम. म्हणजे घरात पाय ठेवायला चार महिन्यांचे पैसे हवेत, शिवाय दलाली. हा हिशोब न धरता आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात घरून पैसे मागवतात.

भाड्याच्या आधी एकच प्रश्न विचारा: परदेशी भाडेकरूची पोलीस नोंदणी करून देणार का? काही फांग-तोंग, म्हणजे घरमालक, त्या कटकटीपायी टाळाटाळ करतात. असं घर कितीही सुंदर असलं तरी सोडा. करारावर सही करण्याआधी भिंती, गिझर, एसी, वॉशिंग मशीन, नळ यांचे व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला वीचॅटवर पाठवा. डिपॉझिट परत मागताना तारखेसकट तो पुरावा उपयोगी पडतो. वीज, गॅस, पाणी यांचे मीटरचे आकडे त्याच वेळी टिपून घ्या, आणि इमारतीच्या देखभालीचं शुल्क कोण भरणार ते करारात लिहून घ्या.

थंडीचं गणित आपल्याकडच्या माणसाला आधी कळत नाही. छिनलिंग डोंगर आणि ह्वाइ नदी यांना जोडणाऱ्या रेषेच्या उत्तरेला सरकारी मध्यवर्ती उष्णता मिळते. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत घर उबदार असतं. रेषेच्या दक्षिणेला, म्हणजे शांघाय, हांगचौ, वूहानला ती सोय नाही. बाहेरचं तापमान बीजिंगपेक्षा जास्त असूनही घरात आपणच जास्त कुडकुडतो, कारण दमट गारठा भिंतींतून आत येतो. दक्षिणेत घर घेत असाल तर दक्षिणमुखी खिडक्या बघा, एसी गरम हवा देतो का ते चालवून बघा, आणि पहिल्याच नोव्हेंबरात विजेवरची चादर घ्या. माझा पहिला हिवाळा ती न घेतल्यामुळे गेला तो सर्दीत.

नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. गरम पाणी, र-श्वेइ, स्टेशनात, रेल्वेच्या डब्यात, ऑफिसात सगळीकडे फुकट मिळतं. थर्मास बरोबर असला की झालं. सुके पोहे आणि उपम्याचं तयार मिश्रण नेलं तर त्याच पाण्यावर प्रवासात एक वेळ सहज निघते.

जेवण, विशेषतः शाकाहारी

चीनमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहतो असं सांगणारे खूप भेटतील. मी शाकाहारी आहे, आणि इथल्या भाज्यांसारख्या भाज्या मला दुसरीकडे मिळाल्या नाहीत. प्रश्न येतो तो शब्दांचा. "मांस नको" म्हटलं की स्वयंपाक्याच्या लेखी मांसाचे तुकडे नकोत. भाजीवर भुरभुरवलेला खिमा आणि डुकराची चरबी त्यात मोडत नाही. म्हणून तीन वाक्यं पाठ करा. वो-छ्-सू, मी शाकाहारी आहे. पू-याओ रौ-मो, खिमा नको. पू-याओ चू-यौ, डुकराची चरबी नको. ऑयस्टर सॉस आणि कोंबडीचं सूप यांच्याबद्दलही विचारायचं असेल तर कोणा चिनी सहकाऱ्याकडून एकाच चिठ्ठीवर सगळं लिहून घ्या आणि तिचा फोटो दाखवत जा. हा उपाय कोणत्याही उच्चारापेक्षा खात्रीचा.

बिनधास्त मागवता येतील अशा भाज्याही आहेत. ती-सान-श्यान, म्हणजे वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची. स्वान-ला थू-तौ-स, म्हणजे बटाट्याचा बारीक कीस, लाल मिरची आणि व्हिनेगर. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याची भाजी, ती प्रत्येक घरात होते. यू-श्यांग वांग्याच्या नावात "माशाचा सुवास" आहे आणि मासा अजिबात नसतो, पण खिमा हमखास असतो. काढायला सांगा, मग ती भाजी फार छान लागते. बौद्ध देवळांजवळ शुद्ध शाकाहारी खानावळी असतात आणि परंपरेनं त्यांत कांदा-लसूणही नसतो. आपल्या जैन मित्रांना मी तिथेच नेते. डुकराचं मांस टाळणाऱ्यांनी दारावर छिंग-चन लिहिलेली हुइ मुसलमानांची हॉटेलं शोधावीत. लानचौच्या हातानं ओढलेल्या शेवयांची दुकानं प्रत्येक शहरात आहेत.

घरच्या स्वयंपाकासाठी मला सर्वांत आनंद झाला तो ऑनलाइन बाजारात काओ-ल्यांग शोधताना. काओ-ल्यांग म्हणजे ज्वारी! इथे तिची मुख्यतः दारू गाळतात, पण पीठही मिळतं. दाणा लालसर असतो, पीठ थोडं तुरट आणि चिवटपणा कमी, म्हणून उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचं. भाकरी नीट होते. श्याओ-मी म्हणजे आपले राळे, उत्तरेत त्याची पेज आजारी माणसाला आणि बाळंतिणीला देतात. हिरवे मूग, शेंगदाणे, तीळ, कोथिंबीर, आलं-लसूण कोणत्याही मंडईत. जिरे शिनच्यांगच्या पद्धतीच्या दुकानांत च-रान नावानं. तूरडाळ, हिंग आणि सुका कढीपत्ता मात्र भारतीय दुकानांतून मागवावा लागतो. यीवू, ख-छ्याओ आणि ग्वांगचौ या ठिकाणी भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती मोठी असल्यानं तिथली दुकानं देशभर पार्सल पाठवतात.

आजारी पडलात तर

फॅमिली डॉक्टर ही गोष्ट इथे जवळजवळ नाही. साध्या तापालाही लोक मोठ्या सरकारी इस्पितळात जातात. आधी क्वा-हाओ, म्हणजे नाव नोंदवून नंबर घ्यायचा. तो इस्पितळाच्या वीचॅट पानावरून आदल्या दिवशी घेतला तर रांग वाचते. मग डॉक्टर दोन-चार मिनिटं बघतात, तपासण्या लिहून देतात, तुम्ही पैसे भरता, तपासणी करता, यंत्रातून अहवाल काढता, परत डॉक्टर, परत पैसे, मग औषधाची खिडकी. प्रत्येक टप्प्यावर आधी पैसे. हे सगळं एका सकाळीत उरकतं हे खरं, पण ताप असताना एकट्यानं जाऊ नका. रात्री किंवा अचानक त्रास झाला तर ची-चन, म्हणजे आपत्कालीन विभाग.

विम्याचे पैसे परत मिळवायचे असतील तर फा-फ्याओ, म्हणजे अधिकृत कर पावती, आणि डॉक्टरांची टिपण वही दोन्ही हवीत. साधं बिल चालत नाही. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि जवळच्या चिनी मित्राचा नंबर हे चिनी लिपीत लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १२०, पोलीस ११०, आग ११९, रस्त्यावरचा अपघात १२२. फोनवर पहिल्यांदा सांगायचा तो पत्ता, म्हणून घराचा पत्ता चिनीत तोंडपाठ करा. भारताचा दूतावास बीजिंगमध्ये आणि वाणिज्य दूतावास शांघाय व ग्वांगचौला आहेत. त्यांचा आपत्कालीन नंबरही त्याच कार्डावर असू दे.

भाषा: मराठी कानाचा फायदा घ्या

चिनी शब्दांचं रोमन लेखन इंग्रजीसारखं वाचलं की कोणाला काही कळत नाही. मराठी माणसाला हे सोपं आहे, फक्त पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही. त्या लेखनातला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फळातला फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. इंग्रज माणसाला ज्या प-फ, त-थ मध्ये महिना लागतो, तो फरक आपण बाराखडीतच शिकलेलो असतो. जे म्हणजे चहातला च, झेड म्हणजे चाकातला च. हिंदीभाषक मित्रांना हा दुसरा च अवघड जातो, आपल्याला नाही. चहाला तर इथेही "छा" म्हणतात, म्हणजे तो शब्द तुम्ही आधीच शिकून आलात.

खरा अडसर चार सुरांचा. "माइ" खालून वर वळवलं तर विकत घेणं, वरून झटक्यात खाली आणलं तर विकणं. शब्द सुटा पाठ न करता वाक्यासकट, गाण्याच्या ओळीसारखा पाठ करा. आणि "थिंग-पू-तोंग", म्हणजे मला कळलं नाही, हे हसून म्हणायला शिका. समोरचा माणूस लगेच फोन काढून भाषांतर दाखवतो. या बाबतीत इथल्या लोकांचा धीर मी फार अनुभवला आहे.

प्रवास आणि सुट्ट्या

रेल्वेचं सरकारी ॲप १२३०६, इंग्रजीतही आहे. तिकिटविक्री १५ दिवस आधी उघडते. छापील तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. यंत्रानं पासपोर्ट वाचला नाही तर बाजूला माणूस उभा असलेल्या दारातून जा. स्टेशन विमानतळाएवढं असतं आणि सामानाची तपासणी होते, त्यामुळे पहिल्यांदा तासभर आधी पोहोचा. स्वयंपाकाची सुरी सामानात घेऊन घर बदलायला निघालात तर ती तिथेच काढून घेतील.

वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपासचे ४० दिवस आणि १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा या काळात सगळा देश प्रवासात असतो. तेव्हाची तिकिटं विक्री उघडताच संपतात. सलग सुट्टी जुळवायला आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार कामाचा करतात, त्याला थ्याओ-श्यू म्हणतात. सरकारी वेळापत्रक दर वर्षी आधी जाहीर होतं, ते पाहूनच भारतातल्या फेरीची रजा टाका. २०२० पासून बंद असलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगचौ मार्गानं पुन्हा सुरू झाली, त्यामुळे बँकॉक-सिंगापूरचा वळसा आता दर वेळी घ्यावा लागत नाही.

परत निघताना

हा भाग सगळे शेवटच्या आठवड्यावर टाकतात आणि भारतात पोहोचल्यावर ईमेल लिहीत बसतात. नोकरी सोडताना कंपनीकडून राजीनामा स्वीकारल्याचा दाखला आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा कागद हातात घ्या. पुढे चीनमध्येच दुसरीकडे नोकरी करायची असेल तर हे दोन्ही नसताना नवा परवाना मिळत नाही. सामाजिक विम्यात पगारातून कापलेली निवृत्तिवेतनाची तुमच्या नावावरची रक्कम देश सोडताना काढता येते, मात्र त्यासाठी बँक खातं काही महिने चालू ठेवावं लागतं. १८० दिवस किंवा त्याहून जास्त राहिला असाल तर इथल्या वास्तव्यात गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखलाही इथे असतानाच काढा. दुसऱ्या देशाचा व्हिसा मागताना तो लागतो आणि लांबून मागवायला चिनी मित्राला अधिकारपत्र द्यावं लागतं. खातं बंद करण्याआधी घरमालकाचं डिपॉझिट आणि अलिपेतली शिल्लक त्यात जमा करून घ्या. मोबाइल नंबर सर्वांत शेवटी बंद करा, विमानतळावर निघायच्या दिवशी.